न्यूझीलंडमध्ये बस की भाड्याची गाडी?

प्रश्न : जानेवारीत आई-बाबांसह न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जातोय. बस पुरेल की गाडी घ्यावी? मुंबईचं लायसन्स चालेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : दोन्ही वापरा. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन इंटरसिटी या कंपनीची बस मिळते, पण टेकापो तलाव, माउंट कुकच्या परिसरात मनासारखं थांबायचं तर गाडीच हवी. मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या खाडीला मात्र क्वीन्सटाउनहून टूरची बसच घ्या. एका बाजूचंच अंतर जवळपास 290 किलोमीटर, शिवाय घाटवळणं. परतताना चालक दमतो आणि चुका तिथेच होतात. तरीही गाडीनेच जायचं असेल, तर वाटेतल्या ‘ते आनाउ’ (Te Anau) या गावात टाकी फुल करा.

लायसन्सवरचा मजकूर इंग्रजीत असेल तर ते चालतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवाच. तो एक वर्ष चालतो. सोबत मूळ लायसन्स लागतंच. अनामत रकमेसाठी बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. बाबांचं कार्ड आणि स्टिअरिंगवर तुम्ही, असं असलं की काउंटरवरच अडतं. विम्यात अपघात झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार आणि खडीचा रस्ता वगळलाय का, हे सहीआधी वाचा. गाडी हातात येताच चारही बाजू, चाकं आणि काच यांचा व्हिडिओ काढा.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. नवख्यांना खरा धोका एकपदरी पुलांवर. लाल काठाच्या गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.