दोन्हीकडे ‘ताटातूट’ चालेल का?

प्रश्न असा आहे: दिवाळी अंकासाठी एका अमेरिकन लेखाचा अनुवाद करताय, त्यात बॉर्डरवर मुलं आईबापांपासून वेगळी केली त्या ‘फॅमिली सेपरेशन’ची तुलना तिथल्या बालकल्याणवाल्यांच्या ‘रिमूव्हल’शी, म्हणजे मूल घरातून नेण्याशी, केलीय, तर दोन्हीला ‘ताटातूट’ चालेल का, की चिडून ‘जप्ती’च लिहू?

ताटातूट नको, दोन्हीकडे नको. ताटातूट ‘होते’. जत्रेत भोंग्यावर ओरडतात ना, पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी आहे, नाव सांगत नाहीये, आईवडिलांनी चौकीपाशी यावं, ती ताटातूट. कुणी केली हे विचारायची पाळीच येत नाही. २०१८ मध्ये अमेरिका-मेक्सिको बॉर्डरवर गर्दीत हात सुटले नव्हते. एप्रिलमध्ये अॅटर्नी जनरल जेफ सेशन्सनी ‘झिरो टॉलरन्स’ जाहीर केलं, बेकायदा आत आला की फौजदारी केस, मग आईबाप कोठडीत आणि तिथे पोरं ठेवता येत नाहीत म्हणून पोरं दुसऱ्याच खात्याकडे, आणि कागदावर त्यांचा शिक्का ‘अनअकम्पनीड’, म्हणजे एकटं आलेलं मूल. आईच्या कडेवर बसून आलेलं पोर एकटं आलेलं! याला आपल्याकडे सरळ क्रियापद आहे, तोडणे. लेकरू आईपासून तोडलं.

जप्तीचं म्हणाल तर राग कळतो, पण जप्तीला पंचनामा असतो, यादी असते, सही असते. सॅन डिएगोचे जज डेना सब्रॉ यांनी २६ जून २०१८ च्या आदेशात हेच बोट ठेवलं, की कैद्यांचे पैसे, कागदपत्रं, गाड्या यांची नोंद सरकार व्यवस्थित ठेवतं आणि मुलांची तशी ठेवलीच नाही. पाच वर्षांखालची मुलं १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत परत द्या म्हणाले, तर कुठलं मूल कुणाचं हेच शोधत बसावं लागलं. म्हणजे जप्ती हा शब्द तिथे जरा जास्तच चांगला पडतो.

आता ‘रिमूव्हल’. इथे ‘काढून घेणे’ लिहा. मूल घरात सुरक्षित नाही असं कुणीतरी म्हणावं लागतं, कोर्टासमोर जावं लागतं, पालकांना बाजू मांडता येते, निदान कायद्यात तरी. बॉर्डरवर आई वाईट आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं, हा फरक क्रियापदात दिसायला हवा. पण ‘नेग्लेक्ट’ला, म्हणजे मुलाकडे नीट लक्ष दिलं जात नाही त्याला, डोळे मिटून ‘हेळसांड’ लिहू नका हां. तिथे मुलं काढून घेतली जातात त्यातल्या बहुतेक केसेसमध्ये कागदावर मारहाण नसते, नेग्लेक्ट असतो, आणि मराठीत त्याचे दोन शब्द होतात. हेळसांड माणूस करतो, आबाळ होते. आई दोन शिफ्ट करते, पोराला बघायला कुणी नाही, ती आबाळ. तिथले टीकाकार नेमकं हेच म्हणतात की गरिबीची आबाळ हेळसांड म्हणून लिहिली जाते.

आणि ‘तोडणे’ फक्त बॉर्डरपुरतं राखून ठेवता येईल असंही नाही. अमेरिकेतल्या १९९७ च्या कायद्याने मूल २२ पैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काढून घेतल्यावर सरकारने ठेवलेल्या दुसऱ्या घरी, राहिलं की, काही अपवाद सोडून, पालकत्वाचे हक्कच संपवायचा अर्ज राज्याला करावा लागतो. तो मंजूर झाला की तिथेही तोडलंच लिहायचं. (फॉस्टर केअरला ‘बालसंगोपन’ करू नका, आपल्याकडे त्या नावाच्या योजनेत मूल बऱ्याचदा आईकडे किंवा आजीकडेच राहतं आणि महिन्याला अनुदान मिळतं, वाचणारा पार उलटं समजेल.)

‘रीयुनिफिकेशन’ दोन्ही व्यवस्थांत वापरतात, त्याला ‘पुनर्मीलन’ अजिबात नको, व्हायोलिन वाजायला लागतात. ‘मुलं परत दिली’ एवढं पुरे. नेग्लेक्टची वाक्यं मात्र पाठवा, कुठे आबाळ आणि कुठे हेळसांड ते एकेक बघूनच सांगता येईल.