मुलीच्या दवाखान्यात काउंटरवर वडील नकोत

फोंड्याहून एका वडिलांचे लांबलचक पत्र आले आहे. त्यांची थोरली मुलगी यंदा सायकॉलॉजीत एम.ए. झाली, प्रथम श्रेणीत. वडिलांचे बाजारात हार्डवेअरचे दुकान. दुकानाच्या वरचा गाळा त्यांनी मुलीसाठी घेऊन ठेवला आहे, सुताराला फर्निचरची उचल दिली आहे, आणि चवथीपूर्वी आमदारांच्या हस्ते उद्घाटन करून 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायचा त्यांचा बेत आहे. मुलगी मात्र एका संस्थेतली बावीस हजारांची नोकरी धरायची म्हणते. "तिची समजूत घाला आणि प्रॅक्टिस लवकर कशी वाढवायची ते सांगा," अशी त्यांची विनंती. धाकट्या मुलीविषयीही एक प्रश्न आहे, त्याचे उत्तर शेवटी देते.

नमस्कार,

तुमच्या मुलीच्या गुणांची मला काळजी नाही. पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी अडकले. तुम्ही लिहिता, 'सुरुवातीची दोन-तीन वर्षे मीच काउंटरवर बसेन. अर्धा फोंडा मला ओळखतो, माणसे आपोआप येतील.'

अर्धा फोंडा तुम्हाला ओळखतो, म्हणूनच माणसे येणार नाहीत.

जरा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची वेळ. नवऱ्याच्या दारूने टेकीला आलेली, रात्र रात्र झोप नसलेली एक बाई बरेच दिवस मनाशी झगडून तुमचा जिना चढते. वर टेबलाशी तुम्ही. तिच्या सासऱ्यांनी गेल्याच महिन्यात तुमच्याकडून छपराचे पत्रे नेलेले. तुम्ही मायेनेच विचारणार, "कितें गो, घरा सगळीं बरीं मू?" ती म्हणेल, "जिना चुकला," आणि उतरून जाईल. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाकडेही जाणार नाही, अशीही शक्यता आहे. आपल्या गावांत खाली उभी केलेली स्कूटर ओळखली जाते, दाराबाहेरच्या चपला ओळखल्या जातात. म्हणून थेरपीसाठी बाजारातला दर्शनी गाळा शोधायचा नसतो. जिथे दातांचे डॉक्टर, रक्त तपासणीची लॅब, चार्टर्ड अकाउंटंट असे चारजण बसतात, तिथली आतली खोली उत्तम. जिन्यात कुणी भेटले तरी माणूस कुठे निघाला आहे ते कळत नाही.

गोपनीयता ही केवळ रीतभात नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने तो उपचार घेणाऱ्याचा हक्क केला आहे. अपॉइंटमेंटची वही, फोन, नोंदींची फाइल, सगळे तिच्याच ताब्यात आणि कुलपात हवे. रात्री जेवताना "आज कोण आले होते?" हा प्रश्न तुमच्या घरात विचारला जाता कामा नये. तुमच्या साडूचा मुलगा तिचा पहिला पेशंट म्हणून यायचा आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. त्याला अभ्यासाचे टेन्शन आहे, खरे. पण ज्याच्या मुंजीत ती वाढायला होती, त्याची थेरपी तिने करायची नाही. तो तिच्यापाशी मोकळा होणार नाही, आणि झालाच तर पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात दोघांनाही अवघडल्यासारखे होईल. त्याला दुसऱ्या चांगल्या समुपदेशकाकडे पाठवा. आणि हो, या गोपनीयतेलाही मर्यादा असतात. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे तिला बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरी तिला गप्प बसता येत नाही. या मर्यादा पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगून त्याची लेखी संमती घ्यायची असते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने हे सगळे एकटीने, खाली वडिलांचे दुकान चालू असताना पेलावे, अशी तुमची अपेक्षा आहे. ती मला फार जड वाटते.

तुमच्या मित्राच्या मुलीने डेंटल क्लिनिक घातले आणि दोन वर्षांत गाडी घेतली, हे उदाहरण तुम्ही पत्रात दोन ठिकाणी दिले आहे. मुलीला ते किती वेळा ऐकावे लागत असेल याची कल्पना येते. पण ही तुलनाच चुकीची आहे. दात बसवून घेतलेला माणूस चारचौघांत डॉक्टरचे नाव सांगतो. थेरपीने ज्याचे आयुष्य सावरले तो बहुधा कुणालाच काही सांगत नाही, आणि त्याने सांगावे असा आग्रह तिने धरायचा नसतो. गूगलवर पाच तारे मागायचे नाहीत, 'आमच्या पेशंटचा अनुभव' म्हणून व्हिडिओ टाकायचे नाहीत. शिवाय काम नीट झाले की माणूस जातो, त्याने जावे हाच हेतू असतो. तुम्ही सुचवलेले दहा सत्रांचे आगाऊ पैशांचे पॅकेज मला म्हणूनच पटत नाही. चौथ्या भेटीत ज्याचे भागले, त्याला उरलेल्या सहासाठी का धरून ठेवायचे?

आता पाटीबद्दल. सायकॉलॉजीत एम.ए. झाले की माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होतो, हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचा तो असतो, आणि काही विद्यार्थ्यांचाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचे हे २०१७ च्या कायद्यातच लिहिले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पदवी हवी. नाहीतर एम.ए.नंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. हवी, आणि त्यात रुग्णांसोबत देखरेखीखाली केलेले काम आलेच पाहिजे. पदवीनंतर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव चढवावे लागते. १९९२ च्या परिषदेच्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचा आकडा बघून हसू नका. आमदारांच्या हस्ते उघडलेल्या दवाखान्याची पाटी खोटी निघाली, ही बातमी तुमच्या मुलीच्या नावाला आयुष्यभर चिकटेल. आज तिला 'एम.ए. (सायकॉलॉजी), समुपदेशक' एवढेच खरेपणाने लिहिता येते. मागे 'डॉ.' नाही, औषध लिहून देणे नाही. औषधे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम, आणि त्यासाठी आधी एम.बी.बी.एस. व्हावे लागते. बिगर-क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि आरोग्य समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आले आहेत, तेव्हा त्या नोंदणीकडेही तिने लक्ष ठेवावे.

क्लिनिकलच व्हायचे असेल तर वाट अशी: एम.फिल. बंद करायचे ठरले, तिला २०२५-२६ पर्यंतचीच मुदतवाढ होती, तिच्या जागी परिषदेने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीसारखे नवे अभ्यासक्रम आणले आहेत, आणि फी भरण्यापूर्वी संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत स्वतः पाहायचे, एजंटच्या तोंडी शब्दावर जायचे नाही.

पण ती ही वाट धरो न धरो, संस्थेतली नोकरी तिने घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. बावीस हजार हा आकडा तुम्हाला लागला, कारण तुमच्या दुकानातला जुना नोकर जवळपास तेवढेच नेतो, असे तुम्ही लिहिता. तिथे तिला पगाराखेरीज काय मिळणार आहे ते बघा. आठवड्याला केस घेऊन वरिष्ठांसमोर बसणे, आपण काय बोललो, कुठे घाई केली, काय ऐकूनही ऐकले नाही, हे कुणीतरी दाखवून देणे. याला सुपरव्हिजन म्हणतात आणि या व्यवसायात हात बसतो तो यानेच. पुस्तकातले नैराश्य ओळखणे सोपे असते. समोरचा माणूस "मला काही होत नाही, नुसते छातीत भरून येते आणि हातपाय गळतात" म्हणतो, तेव्हा त्याच्या मागचे दुःख कोकणीत आणि मराठीत विचारून काढावे लागते. एम.ए.ची बहुतेक पुस्तके इंग्रजी असतात, त्यांत हे येत नाही.

आणि हे शिकायला आपला गोवा लहान जागा नाही. पर्वरीच्या 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसोबत काम करायला लावले. त्यांचा अभ्यास २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि सरकारी केंद्रांतल्या निकालांची जगभर दखल घेतली गेली. पुढे याच पद्धतीने दारूच्या समस्येवरच्या समुपदेशनाचाही अभ्यास गोव्यातच झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या समुपदेशकांना शिकवून सोडून दिले नव्हते, कामावर सतत देखरेख होती. तुमची मुलगी जी नोकरी म्हणते तिच्यात हीच देखरेख आहे. ती तुमच्या गाळ्यात नाही.

प्रॅक्टिस वाढवायची कशी, हे तुम्ही मनापासून विचारले आहे, तर तेही सांगते. नोकरीत दीड-दोन वर्षे झाली की तिने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एखाद्या पॉलिक्लिनिकमध्ये तासाच्या भाड्याने खोली घ्यावी, संस्थेची परवानगी घेऊन. सुतार लागत नाही. दोन खुर्च्या, बाहेर आवाज न जाणारे दार, पाणी आणि टिश्यूचा डबा पुरतो. माणसे येतात ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून: मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, गावातले फॅमिली डॉक्टर. त्यांना तिने स्वतः जाऊन भेटावे, आपण कोणते काम करतो आणि कोणते करत नाही ते सांगावे, आणि पाठवलेला माणूस पोचला की त्याच्या संमतीने दोन ओळींचा निरोप द्यावा. कमिशन द्यायचे नाही, घ्यायचेही नाही. शाळांतल्या समुपदेशकांशी ओळख ठेवावी, त्यांच्या हाताबाहेरची मुले त्यांना कुठेतरी पाठवायची असतातच.

हिशेब तुमच्या भाषेत मांडते. एक सत्र ५० मिनिटांचे, मागून नोंदी. दिवसाला चार, फार तर पाच. त्याहून जास्त घेतली की शेवटच्या माणसाचे ऐकले जात नाही. समजा फी १,००० रुपये ठेवली आणि आठवड्याला १५ भेटी ठरल्या. त्यांतल्या तीन ऐन वेळी रद्द होतील, पाऊस जोराचा असला तर जास्तच. १२ राहिल्या, म्हणजे महिन्याला ४८,०००. त्यातून खोलीचे भाडे, सुपरव्हिजनची फी, प्रशिक्षणे. आणि आठवड्याला १५ हा आकडा पहिल्या वर्षी दिसत नाही, चार-पाच आले तरी बरे चालले म्हणायचे. रद्द करण्याचा नियम पहिल्या दिवशी लेखी हवा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यात एक-दोन जागा कमी फीच्या ठेवाव्यात, पण किती ते आधी ठरवून. दयेपोटी रोज एक जागा वाढली की महिनाअखेरीस भाडे निघत नाही. बाहेरगावी गेलेल्यांसाठी ऑनलाइन सत्रे ठेवता येतात, आखातात आणि जहाजावर कामाला असलेल्या आपल्या माणसांना मराठी-कोकणी बोलणारे कुणी सहजी मिळत नाही. आत्महत्येचे बोलणारा माणूस रात्री अकराला फोन करील, त्या वेळी काय करायचे हे प्रॅक्टिस सुरू होण्याआधी कागदावर हवे: एक मनोविकारतज्ज्ञ ज्यांना ती फोन करू शकते, बांबोळीची मनोरुग्णांची सरकारी संस्था, आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक.

राहिला गाळा. तो भाड्याने द्या. येणाऱ्या भाड्यातला काही भाग तिच्या सुपरव्हिजनसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी बाजूला टाका. तुमच्या पैशाचा तिला आज याहून चांगला उपयोग नाही. सुताराला जेवढी उचल दिली त्यात त्याच्याकडून तिला एक कुलपाचे कपाट करून घ्या, ते लागेलच. उद्घाटनाचे आमंत्रण अजून आमदारांकडे गेले नसेल तर पाठवू नका. आणि तिचा पगार नातेवाइकांसमोर सांगताना आवाज खाली नेऊ नका, मुलींना ते कळते.

तुमच्या धाकटीचा प्रश्न. तिने घरबसल्या दूरशिक्षणातून सायकॉलॉजीची पदवी घ्यावी, म्हणजे दोघी बहिणी मिळून दवाखाना चालवतील, असे तुम्ही सुचवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन सायकॉलॉजीचे अभ्यासक्रम चालवायला बंदी केली आहे, तेव्हा ती वाट तशीही बंद आहे. कुणी अजून प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका. तिला बारावीला कोणते विषय आहेत, तिला काय करायचे आहे, हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते तिला विचारा, थोरलीला समोर न बसवता, आणि उत्तर मिळाले की तिलाच मला लिहू द्या.