सोरोरिटीतली मावशी

प्रश्न असा: कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात असताना ‘अल्फा काप्पा अल्फा’ या सोरोरिटीच्या सभासद झाल्या. या ‘सोरोरिटी’ला मराठीत ‘मुलींचं हॉस्टेल’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे हॉस्टेल ऐकून ऐकून कान किटले आहेत. हॉस्टेल राहायला असतं, कॉलेज संपलं की सुटतं. सोरोरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींची संघटना, आणि तिचं सभासदत्व जन्मभराचं. अल्फा काप्पा अल्फा १९०८ साली हॉवर्डच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी काढली. १९३५ पासून काही वर्षं डॉ. डोरोथी फेरेबींच्या नेतृत्वाखाली तिच्या सभासद मिसिसिपीच्या कापूसमळ्यांवर मोटारीतून दवाखाना घेऊन जात आणि पोरांना घटसर्पाच्या, देवीच्या लसी टोचत. हे काय हॉस्टेलचं काम आहे?

‘लेडीज फ्रॅटर्निटी’ही नको. फ्रॅटर्निटी ही अशीच संघटना, पण मुलांची. लॅटिन ‘फ्रातेर’ म्हणजे आपला भ्रातृ, भाऊ. काप्पा अल्फा थीटा (१८७०) स्वतःला स्त्रियांची फ्रॅटर्निटी म्हणवते, पण तेव्हा कॉलेजात दुसरा शब्द रुळलेलाच नव्हता. तो रुळला सिरॅक्यूज विद्यापीठातल्या गॅमा फाय बीटामुळे (१८७४). तिथले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी त्या मुलींसाठी ‘सोरोरिटी’ सुचवला. त्यांनी तो ‘घडवला’ असं जाणकार म्हणवणारेही लिहितात, ते साफ चूक. ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) संघासाठी हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. स्मॉलींनी तो मठातून कॉलेजात आणला, श्रेय तेवढंच.

आता खरी गंमत. लॅटिन ‘सोरोर’ म्हणजे बहीण, आणि तीच संस्कृतातली ‘स्वसृ’, म्हणजे ‘स्वसा’. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होतो, म्हणून संस्कृत आणि लॅटिन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या ‘स्वेसोर’चं ‘सोरोर’ झालं. आपल्याकडे ‘स’ टिकला. मराठीत ‘भगिनी’वरून ‘बहीण’ आली आणि ‘स्वसा’ बोलण्यातून गेली. पण गेली कुठे? मावशीत! मातृष्वसृ, प्राकृतात माउस्सिआ, मराठीत मावशी. ‘मा-सी, म्हणजे आईसारखी’ ही व्युत्पत्ती व्हॉट्सॲपवर फिरते, ती कृपा करून पुढे पाठवू नका. मावशीतली ‘शी’ ही ‘सारखी’ नव्हे, सख्खी बहीण आहे. बंगालीतली ‘पिशी’, म्हणजे आत्या, तशीच पितृष्वसृपासून आलेली.

एवढंच नाही. आपण सरसकट सगळ्यांना लावतो तो ‘कझिन’ लॅटिन ‘कोन्सोब्रिनुस’पासून आला, आणि त्याच्याही पोटात ‘सोरोर’च आहे. मुळात तो फक्त मावसभावाचा शब्द. चुलतभावाला कझिन म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

‘स्वे’ म्हणजे आपली आणि ‘सोर’ म्हणजे स्त्री, अशी ‘स्वेसोर’ची फोड काही भाषाशास्त्रज्ञ करतात. बाकीचे ती शंकास्पद मानतात. मला ती मनापासून पटते. परक्या घरांतल्या मुलींना ‘आपली’ करून घेणं, सोरोरिटी दुसरं काय करते?

मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर ‘भगिनीसंघ’ म्हणा. मी मात्र ‘सोरोरिटी’च लिहीन, मावशीच्या माहेरचा शब्द आहे तो.