ऑडिओचा छंद असलेली माणसं जमली की गाणी सोडून मांजर-कुत्र्यांचे फोटो का बघत बसतात? आणि माझी मांजर ॲम्प्लिफायरवरून हलतच नाही, काय करू?

तुम्ही वैतागून विचारलंय की चेष्टेत, कळलं नाही. पण या दोन्ही गोष्टींवरून आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात दोन वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितोय.

मांजर ॲम्पवर बसते कारण तो गरम असतो. ‘क्लास ए’ जातीचा असेल तर गाणं लावा न लावा, सतत वीज ओढत राहतो आणि तव्यासारखा तापतो. माझा तसलाच आहे. आमची मनी डिसेंबरात त्याच्यावरून जेवायलाही उतरत नाही.

फोटोंचं म्हणाल, तर या छंदाचं कुलदैवतच मुळी कुत्रा आहे. आपल्याकडची जुनी माणसं ‘कुत्रा छाप’ रेकॉर्ड म्हणायची, तोच तो निपर. फ्रान्सिस बॅरॉडने मूळ चित्रात त्याला सिलिंडरवाल्या फोनोग्राफपुढे बसवला होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने सांगितलं, त्या जागी आमचं यंत्र रंगवा, चित्र विकत घेतो. त्याने त्याच कॅनव्हासवर नवं यंत्र रंगवून टाकलं. बरं, निपर बिचारा १८९५ सालीच गेलेला! म्हणजे फोटोत फेरफार करून कुत्र्याला गाणी ऐकायला बसवणं हे आमच्या मुलीच्या पिढीने शोधलेलं नाही. आणि स्पीकरमध्ये जाड आणि बारीक आवाज काढणाऱ्या दोघांची नावं तरी काय? वूफर भुंकणारा, ट्वीटर चिवचिवणारा. अशा लोकांनी प्राण्यांचे फोटो बघायचे नाहीत तर कोणी बघायचे?

आता खरी गोष्ट. आम्ही चार-पाच जण रविवारी माझ्याकडे जमतो. त्यातला एक वाशीहून ट्रान्स-हार्बर पकडून येतो. माणूस लाख चांगला. सीवूड्सला जाऊन फ्लेमिंगोंचे फोटो काढतो आणि त्यांना नावं ठेवतो. मान खाली घालून चिखलात चोच खुपसलेल्या एकाखाली त्याने लिहिलं होतं, ‘सुई खाचेत बसत नाहीये’. अर्धा तास हसलो आम्ही. पण केबलचा विषय निघाला की हाच माणूस बुवा होतो. स्पीकरच्या वायरीला बावीस हजार देतो आणि वर आम्हाला बहिरे म्हणतो.

तर एका रविवारी ती बावीस हजारांची जोडी माझ्याकडे ठेवून गेला. “आठ दिवस ऐक, मग बोल.” गुरुवारी संध्याकाळी घरी येतो तर मनीने दोन्ही केबली तीन-तीन ठिकाणी कुरतडलेल्या. निळ्या-काळ्या विणलेल्या जाळीतून तांब्याच्या तारा बाहेर. कन्येने मांजराला हाकलण्याआधी काय केलं असेल? फोटो काढला.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. आतली तार ओढून काढली, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधी अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणली, त्याच जाळीत ओवली, फाटलं होतं तिथे गरम केली की आवळणारी काळी हीट-श्रिंक नळी चढवली, त्याचेच प्लग परत लावले. तीन मीटरची लांबी, जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, रेझिस्टन्स जेमतेम ०.०४ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. फरक पडणार कुठून?

रविवारी साहेब आले. ख्यालाची रेकॉर्ड लावली. डोळे मिटले. “बघ, पडदा बाजूला झाल्यासारखा वाटतोय की नाही? तानपुऱ्याची जवारी बघ कशी उलगडतेय!” मी म्हटलं, हो रे. दुसरं काय म्हणणार?

मग चहा आला, फोन निघाले, फ्लेमिंगो झाले, आणि मुलीने आपला फोन पुढे केला. “काका, हा बघा.” मनीच्या तोंडात केबल, खाली लिहिलेलं ‘आमचा केबलवाला’. तो इतका हसला की बशीत चहा सांडला. मग त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. निळी-काळी जाळी दिसली. एकदम गप्प झाला.

तारीख बघितली, माझ्या स्पीकरमागे जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाला काय, तर, “जाळी तर माझीच होती ना?”

अहो, दोन वर्षं हेच ऐकतोय! पैसे देऊ केले, घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं, विषय मिटला असता. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने नोंदलेल्या गाण्यांच्या फायलींचंही त्याचं तेच. सीडीच २२,००० हर्ट्झपर्यंत जाते, पन्नाशीच्या माणसाला १५,००० ऐकू आलं तरी पेढे वाटावेत. मनीला ६०,००० च्याही वरचं ऐकू येतं, आणि सीडी लावा की हाय-रेझ, ती झोपलेलीच असते.

तर तुमची मांजर. ॲम्पच्या वर एक वीत सोडून फळी ठोका, ऊब तिथेही पोचते. हवेच्या फटी मात्र झाकू नका, ॲम्प आणखी तापेल. स्पीकरची जाळी ओरबाडत असेल तर शेजारी काथ्याची दोरी गुंडाळलेला खांब ठेवा. आमच्याकडे चालला. वाशीकडच्या मित्राला विचारू नका, तो मांजरासाठीही वेगळी केबल सुचवेल.

हां, एक राहिलं. त्या दिवशी ॲम्प बंद होता म्हणून निभावलं. चालू असताना स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर ॲम्प जळू शकतो. आणि विजेची वायर चावायची सवय असेल तर विनोद बाजूला ठेवा, मांजर जिवानिशी जाईल. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प असेल तर वरचा पिंजरा काढूच नका, आत शेकडो व्होल्ट असतात.

फोटो मात्र पाठवा. वाशीला दाखवतो.