चौपदरी मुख्य रस्त्यावरची दुकानं ओस पडत आहेत. वाहनं बंद करून तो फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवावा का?

एकदम बंद करू नका. कोपनहेगनमधला स्त्रोएट हा बाजाराचा रस्ता १९६२ पासून पादचाऱ्यांचा आहे आणि आजही गजबजलेला असतो. उलट अमेरिकेतल्या कलामझू शहराने १९५९ मध्ये वाहनबंदी केलेल्या रस्त्याचा काही भाग १९९८ मध्ये वाहनांना पुन्हा खुला केला. चालत येणारी गर्दी आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं आधीपासून असतील तर वाहनबंदी टिकते. आधीच ओस पडलेल्या रस्त्यावरून गाड्याही काढल्या, तर दिवेलागणीनंतर तिथे चिटपाखरू दिसणार नाही.

खरी गोम त्या चार लेनमध्ये आहे. आतली लेन वळायला थांबलेल्या गाडीमुळे अडते, बाहेरची पार्किंग करणाऱ्यामुळे. शिवाय रस्त्याची क्षमता चौकात ठरते, दोन चौकांमधल्या पट्ट्यात नाही. दिवसाला साधारण २० हजारांपर्यंत वाहनं असतील, तर दोन लेन आणि चौकात वळणाची वेगळी लेन बहुतेक ठिकाणी पुरते. म्हणून आधी मोजणी करा: कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी, आणि चौकातल्या प्रत्येक वळणाची वेगळी.

समजा इमारतीपासून इमारतीपर्यंत १८ मीटर आहेत, त्यात ३.५ मीटरच्या चार लेन आणि दोन्हीकडे जेमतेम २ मीटरचे पदपथ. बस धावत असेल तर लेन ३.२५ मीटरची धरा. दोन लेनचे झाले ६.५, एका बाजूच्या समांतर पार्किंगचे २.२. उरलेल्या ९.३ मीटरमध्ये दोन्ही पदपथ साडेचार मीटरहून रुंद होतात. त्यातले अडीच मीटर निव्वळ चालायला मोकळे ठेवा. झाडं, खांब, बाकं कडेच्या पट्ट्यात. रस्ता ओलांडण्याच्या जागी पार्किंग तोडून पदपथ पुढे आणा. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला १४ मीटर ओलांडायला जवळपास १२ सेकंद लागतात, साडेसहा मीटरला साडेपाच. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बाजारात येणार की नाही, ते इथे ठरतं. चौकाच्या कोपऱ्याची त्रिज्या, म्हणजे कडेची गोलाईही कमी करा, नाहीतर गाड्या वेग न उतरवता वळतात.

हे सगळं आधी रंग, कुंड्या आणि तात्पुरते खांब लावून दोन-तीन महिने चालवून बघा. बस वळताना कुठे अडते, माल उतरवणारा टेम्पो कुठे उभा राहतो, हे नकाशावर कळत नाही. मालाच्या चढउताराला जागा आणि वेळ ठरवून दिली नाही, तर ते टेम्पो चालत्या लेनमध्येच उभे राहणार.

दुकानदारांची ओरड पार्किंगवरून होईल. जागांची संख्या वाढवण्यापेक्षा त्या किती वेळ अडतात ते पाहा. बऱ्याचदा दिवसभर उभ्या असतात त्या दुकानदारांच्या आणि कामगारांच्याच गाड्या. वेळमर्यादा किंवा शुल्क असं ठेवा की सातातली एक जागा नेहमी रिकामी मिळेल.

पैसा सर्वाधिक वाया जातो तो क्रम चुकल्यामुळे. आधी फरशी बसवतात, मग पाण्याची लाइन फुटते, मग केबलवाले खोदतात. आधी जमिनीखालची कामं उरकून जादा रिकामे डक्ट (केबलसाठीच्या नळ्या) टाका, पदपथाला रस्त्याकडे ५० ला १ उतार द्या, कर्ब (पदपथाची कड) सरकला की पावसाळी जाळ्याही सरकवा. त्या जुन्या जागीच राहिल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात नव्या कर्बला पाणी तुंबेल. काम १०० ते १५० मीटरच्या टप्प्यांत करा, आणि प्रत्येक दुकानात शिरायची वाट रोज उघडी ठेवण्याची अट कंत्राटातच घाला.