सल्ला हवाय : 18 पूर्ण होताना

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या बालगृहात मी सहावीपासून आहे. आईवडील नाहीत. बारावी झाली, चार महिन्यांनी 18 पूर्ण होतील. पुण्यात नोकरी बघायचीय. निघण्याआधी काय करून ठेवू?

उत्तर : आधी कागद, मग पुणे. अधीक्षकांच्या सहीने आज जे दोन दिवसांत होतं, त्यासाठी बाहेर पडल्यावर रजा टाकून लातूरला खेटे घालावे लागतात.

शाळेचा दाखला, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. एकात वडिलांचं नाव, दुसऱ्यात नुसतं आडनाव, जन्मतारखेत फरक, हे प्रकार संस्थेतल्या मुलांच्या कागदांत फार आढळतात. कारण प्रवेशाच्या वेळी जे सांगितलं गेलं तेच पुढे चढत गेलेलं असतं. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच दुरुस्त होते, तेव्हा पुरावा हातात आल्याशिवाय तिला हात लावू नकोस.

बँक खातं अज्ञान (18 वर्षांखालील) म्हणून उघडलेलं असेल, तर 18 पूर्ण झाल्यावर पालक म्हणून असलेली सही चालत नाही. तुझी केवायसी आणि नमुना सही होईपर्यंत पैसे काढता येत नाहीत. वाढदिवसानंतर लगेच शाखेत जा.

अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात दे. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं 1 टक्का आरक्षण त्यावर मिळतं. आईवडिलांचे मृत्यूदाखले नसतील तर आत्ताच शोधाशोध सुरू कर, घोडं बहुतेक तिथेच अडतं.

अनुरक्षणाचंही, म्हणजे संस्था सोडल्यानंतर मिळणाऱ्या आधाराचंही, आत्ताच बोल. बाल न्याय नियमांनुसार 21 वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत आधार देता येतो. त्यासाठी मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. रक्कम थेट खात्यात येते, म्हणून खातं चालू हवं. ती आपोआप सुरू होत नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) लेखी अर्ज दे, पोच घे.

आता पैसे. 1 तारखेला कामावर लागलास तरी पहिला पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आसपास हातात येतो. म्हणजे सव्वा महिन्याचं जेवण, प्रवास आणि कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं अधिक डिपॉझिट जवळ हवं. मेस ठरवताना रविवारी रात्री बंद असते का, विचार. ते चार-पाच जेवणांचे पैसे हिशेबात धर. डिपॉझिटची पावती किंवा निदान यूपीआयची नोंद हवीच. रोख देऊन गप्प बसू नकोस.

प्रश्न : संस्थेतला मित्र बाइकच्या कर्जाला जामीन राहा म्हणतो. भावासारखा आहे, नाही कसं म्हणू?

उत्तर : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, भारतीय करार कायद्याचं कलम 128 तेच सांगतं. त्याने हप्ता चुकवला की बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि तुमचा सिबिल स्कोअरही घसरतो. पुढे स्वतःला कर्ज लागेल तेव्हा हेच आडवं येईल. संस्थेत साबणापासून वह्यांपर्यंत सगळं वाटून घेतलेल्यांना नकार देणं जड जातं, हे खरंच. तरी सही करू नका. मदत करायचीच तर परत नाही आले तरी चालतील एवढेच पैसे एकदा द्या. आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणून कोणाला देऊ नका. द्याव्या लागल्याच, तर त्यावर कारण आणि तारीख लिहून सही करा.