वाचकांचे प्रश्न : अप्पा डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणतात

प्रश्न : ताई, माझे वडील, अप्पा, ७८ वर्षांचे आहेत. उभी हयात यंत्रमागावर गेली, त्यामुळे कानाने कमी ऐकू येतं. गेल्या ऑगस्टमध्ये अटॅक आला, एक स्टेंट टाकला. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के सांगितलंय. दिवसाला नऊ गोळ्या आहेत. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, आणि गुडघ्यासाठी ते स्वतःच गल्लीतल्या मेडिकलमधून गोळी आणतात. लघवीची गोळी तर मनाला येईल तशी. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सलग चार दिवस घेतली नाही, मग पाय सुजले. डॉक्टरांपुढे मात्र ‘बरं आहे’ एवढंच म्हणतात. मी मध्ये बोलले की घरी येऊन दोन दिवस अबोला. पुण्याची बहीण म्हणते, डॉक्टरच बदल. डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, त्यात मी काय आणि कसं सांगू?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘यात्रेत सलग चार दिवस’ हे शब्द वाचले आणि पुढचं वाचायच्या आधी थोडा वेळ तशीच बसून राहिले. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, एवढ्या गर्दीत, ७८ वर्षांचा माणूस लघवीची गोळी घेऊन कसा चालेल? आडोसा शोधायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी ती घेतली नाही. डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही, त्यांना फक्त सुजलेले पाय दिसले. गोळी चालू असूनही सूज आली असं समजून त्यांनी डोस वाढवला असेल, तर अप्पा ज्या दिवसापासून ती नीट घेतील तेव्हा बीपी उतरून, उठताना चक्कर येऊन पडायची भीती आहे. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा तोंडावर आलाय. घाम निथळत असताना तर हे फार लवकर होतं.

म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला : ‘डॉक्टर, बाहेर जायचं असलं की अप्पा लघवीची गोळी घेत नाहीत, त्यांची पंचाईत होते. वेळ बदलून देता का?’ लघवीची गोळी बहुतेक फ्युरोसेमाइड असते; ती घेतल्यावर तासाभरात काम सुरू होतं आणि सहा-आठ तासांत जोर ओसरतो. सकाळी दहाला निघायचं असेल तर ती पहाटेच घ्यावी की दुपारी घरी परतल्यावर, हे डॉक्टर ठरवून देऊ शकतात. रात्रीची वेळ मात्र मागू नका. अंधारात उठून जाताना म्हातारी माणसं पडतात, हे मी वॉर्डात फार पाहिलंय.

आता माझ्या घरातलं सांगते. ३१ वर्षं मी सिस्टर म्हणून नोकरी केली, तरी चूक झाली. सासूबाईंना घरच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारं औषध, दिलं होतं. पुढे त्या दवाखान्यात राहून आल्या, तेव्हा नव्या चिठ्ठीत तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने आलं. पाकीट वेगळं, गोळीचा रंग वेगळा. मी दोन्ही डबीत भरत राहिले, अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्या न्हाणीत भिंत धरून उभ्या होत्या आणि नाडी होती मिनिटाला ४४. माझ्याच हाताने मी त्यांना दुप्पट डोस देत होते. त्यांचा तो पांढराफटक चेहरा मला अजून दिसतो.

तेव्हापासून मी एक कागद ठेवायला लागले. तुम्ही तो आज रात्रीच करा. घरातली सगळी पाकिटं एका ताटात काढा, शुगरची, गुडघ्याची, कुणी दिलेलं चूर्ण असेल तर तेही. कंपनीच्या नावाजवळ औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं, ते उतरवून घ्या. पुढे किती मिलिग्रॅम, केव्हा, कशासाठी. शेवटच्या रकान्यात लिहा, अप्पा ती खरोखर घेतात का. दवाखान्याच्या फाईलमध्ये हा रकाना नसतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. एकच मूळ नाव दोनदा आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. मनाने काही बंद करू नका, कारण मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक तोडली तर छातीत दुखणं पुन्हा उसळू शकतं. गोळी बदलली की नवा कागद, वर तारीख, जुना फाडून टाकायचा. एक फाईलला, एक अप्पांच्या खिशात, एक बहिणीच्या मोबाइलवर.

गुडघ्याच्या गोळीबद्दल मी कडक बोलणार आहे. पाकिटावर डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन लिहिलं असेल, तर ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात नको. ही औषधं अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचं काम हाणून पाडतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. संक्रांतीच्या सुजेत तिचाही हात असू शकतो. शिवाय स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारं अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर तातडीने दाखवा. पण अप्पांचा गुडघा दुखतो हे खरं आहे. गोळी काढून घ्याल आणि दुखणं त्यांच्यावर सोडाल तर ते चोरून आणतील. ‘दुखण्याला दुसरं काय चालेल?’ हा प्रश्नही कागदावर लिहा. आणि दात काढायला गेलात तरी स्टेंटच्या त्या दोन गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी राहवत नाही. भाकरीबरोबरची शेंगाचटणी, पापड, लोणचं, सगळ्यात मीठ जातं. त्यावर उपाय म्हणून कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या-बीपीच्या गोळ्यांत रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

आता अबोल्याचं. डॉक्टरांसमोर तुम्ही अचानक बोललात की अप्पांना चारचौघांत चुगली केल्यासारखं वाटतं. आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसा, कागद मोठ्याने वाचून दाखवा, ‘अप्पा, हे असं सांगू ना?’ विचारा. वजनाची वही त्यांच्याच हातात द्या. जन्मभर मागावर उतरलेल्या कापडाचा हिशेब ठेवलेला माणूस आहे तो, रोजचा आकडा चोख लिहील. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, काट्यावर उभं राहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं की पाय सुजायची वाट न पाहता फोन करायचा. डॉक्टरांपुढे ती वही अप्पांनी स्वतः उघडू दे.

‘बरं आहे’ मागे त्यांचे कानही असावेत असं मला वाटतं. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं ऐकू आलं नाही तरी मान हलवतात. आत गेल्यावर आधी सांगा की यांना ऐकू कमी येतं, तोंडाकडे बघून सावकाश बोला. निघताना तुम्ही उलट म्हणून दाखवा : ‘म्हणजे ही सकाळी अर्धी, ती बंद, तपासणी पंधरा दिवसांनी, बरोबर?’ अर्धा मिनिट लागतो.

बहिणीला सांगा, डॉक्टर बदलायची घाई नको. सगळं खरं ऐकूनही जे लक्ष देत नाहीत ते डॉक्टर बदलावेत. यांच्यापर्यंत खरं अजून पोहोचलेलंच नाही. छातीत कळ, आडवं झाल्यावर गुदमरून उठून बसावं लागणं, शुद्ध हरपणं, यातलं काही झालं तर बहिणीला फोन नंतर, आधी १०८.

गोळीची वेळ काय ठरली ते मला नक्की कळवा. आणि पुढच्या संक्रांतीला अप्पांना गड्ड्याला जायचंच असेल, तर डिसेंबरच्या तपासणीतच त्या चार दिवसांचं डॉक्टरांना विचारून ठेवा.